जुन्या विंडोजचं निर्लेखन

वाचनालयाच्या संगणकाने पुस्तकांच्या नोंदी घ्यायचं नाकारलं, तेव्हा मल्लिनाथअप्पा कालची वर्तमानपत्रं घडी घालून रचत होते. खरं तर ते काम त्यांचं नव्हतं. ते वाचनालयाचे मानद सचिव. पण सचिवाने नेमकं काय करायचं असतं याबद्दल त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून शंका होती. घड्या कशा घालायच्या याबद्दल मात्र नव्हती.

“अप्पा, हे आता एकबी नोंद घेईना,” मंजुश्री म्हणाली. “जागा संपली म्हणायलंय.”

अप्पांनी मान वर करून कपाटांकडे पाहिलं.

“तिकडची न्हाई ओ. ह्याच्या पोटातली.”

मंजुश्री वाचनालयाची ग्रंथपाल. तिला महिन्याला जे मिळे त्याला पगार म्हणायला कार्यकारिणीलाही संकोच वाटे, म्हणून त्याला मानधन म्हणत. लातुरातल्या शिकवणी वर्गांच्या गल्लीत हे वाचनालय. पोरं येत ती पंख्याखाली बसून आपापल्या नोट्स पाठ करायला. कपाटातल्या पुस्तकांना नेमाने भेटणारे दोघंच, एक अप्पा आणि दुसरी कसर. तरी वाचनालय सरकारमान्य होतं, ‘क’ वर्गातलं. ते ‘ब’ वर्गात गेलं तर पूर्णवेळ ग्रंथपालाचं पद मंजूर होणार होतं, आणि त्यासाठी एकच अट राहिली होती: सगळी पुस्तकं संगणकावर चढलेली हवीत. महिनाअखेरीला नांदेडहून तपासणी येणार होती.

गेल्या उन्हाळ्यात समोरच्या शिकवणीवाल्याने मंजुश्रीला त्याच्या काउंटरवर बसायला बोलावलं होतं. पैसेही बरे देत होता. ती निघालीच होती, तेव्हा अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी शब्द दिला. “थांब पोरी. पद होईल. मी बघतो.” शब्द तोंडातून गेला आणि अप्पांना घाम फुटला. ती मात्र थांबली. माणसं आपल्या बोलण्यावर विश्वास ठेवतात, हा अप्पांना नेहमीच एक धोका वाटत आला होता.

“जागा कशाने संपली?” त्यांनी विचारलं.

“परवा नवी विंडोज घातली न्हाई का? जुनीची मुदत संपली म्हणून? तर ह्यानं जुनी टाकून दिलीच न्हाई. एका फोल्डरात बांधून ठेवलीय. हे बघा, ‘विंडोज डॉट ओल्ड’. एवढुशी ती डिस्क, आन हिनंच पाय पसरलेत. बाकी काढण्यासारखं होतं ते सगळं मी काढलं, वर्धापनदिनाचे फोटोबी पेनड्राईव्हमधी नेऊन टाकले. आता हिला काढली की मोकळं.”

तिने बटण दाबलं. पडद्यावर एक चौकोन उगवला.

“काय म्हणतो?”

“परवानगी लागंल म्हणतोय. ॲडमिनची.”

“बघ!” अप्पांना त्या यंत्राबद्दल एकाएकी आपुलकी वाटली. “थांब मग.”

“अहो, तसं म्हणतच असतंय ते. सेटिंगमधी जाऊन काढायचं असतंय. आत्ता काढते—”

“थांब म्हणतोय ना. मला आधी सांग, ही विंडोज कुणाची?”

अप्पांनी गल्लीतली हवा कुणाची असं विचारावं, तशी मंजुश्री त्यांच्याकडे बघत राहिली. अप्पांनी कपाटातून वाचनालयाच्या वस्तूंच्या नोंदींचं डेडस्टॉक रजिस्टर काढलं, त्यावरची धूळ बाहीने पुसली, आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘संगणक संच, विंडोज प्रणालीसह. अनुदानातून.’

“प्रणालीसह,” अप्पा म्हणाले. “म्हणजे ती वाचनालयाची मालमत्ता. जुनी झाली, निकामी झाली, सगळं मान्य. पण अशी उचलून टाकता येत नाही. निर्लेखन करावं लागतं.”

निर्लेखन म्हणजे वापरातून गेलेली वस्तू दप्तरातून रीतसर उतरवणं. कमिटीने ती वस्तू डोळ्यांनी बघायची, निकामी आहे असं लिहून द्यायचं, भंगारात काय किंमत येईल ते ठरवायचं, मग ठराव, मग लिलाव. मोडक्या खुर्चीला लागतं, फुटक्या माठाला लागतं. विंडोजला लागत नाही असं कुठे लिहिलेलं अप्पांच्या वाचनात नव्हतं, आणि त्यांचं वाचन दांडगं होतं.

ही धास्ती त्यांना उगाच लागलेली नव्हती. नोकरी सगळी नांदेडच्या एका कॉलेजात गेली, ग्रंथालयात. निवृत्तीच्या वेळी रजिस्टरात एक लाकडी शिडी निघाली, जी ग्रंथालयात निघेना. शिडी वाळवीने खाल्ली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण वाळवीने तसं लिहून दिलं नव्हतं. त्या शिडीपायी अप्पांची पेन्शन अडकली, आणि ज्या माणसाने जन्मभर कुणाची टाचणी उचलली नाही तो त्या दिवसांत साहेबलोकांच्या दारात शिडीचोरासारखा उभा राहत होता. वस्तू जाते, नोंद राहते, आणि नोंदीखाली आपली सही असते, एवढं अप्पा नोकरीत शिकले.

त्यांनी अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष वीरण्णा. त्यांची डाळमिल होती, आणि मिलच्या आवाजात बोलून बोलून त्यांचा साधा आवाजच तसला झाला होता.

“अप्पा! काय करायलाव? बरं हाय का?”

अप्पांनी अडखळत सगळं सांगितलं.

“जुनं हाय ना? मग टाका की काढून! इचारायचं काय त्यात?”

“तेवढं दोन ओळींत लिहून पाठवता का?”

पलीकडे मिल तेवढी ऐकू आली. वीरण्णा कुणालाही काहीही तोंडी द्यायला तयार असत. पण कागद म्हटला की त्यांच्या हाताला मुंग्या येत.

“असं करा,” ते जरा खालच्या पट्टीत म्हणाले. “मिटिंगच घ्या.”

मिटिंग सोमवारी ठेवली. वीरण्णा आले, उपाध्यक्षा शिवकांताबाई आल्या. बाई कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. अजूनही खोलीत शिरताना आधी मागच्या बाकाकडे बघत. बाकीचे सभासद भोकरला एका लग्नाला गेले होते. कोरम होईना. तेव्हा नियमाप्रमाणे सभा तहकूब केली, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरवायची म्हणून. तहकूब सभेला कोरम लागत नाही. मधला अर्धा तास त्याच माणसांनी त्याच खुर्च्यांवर बसून चहा पिण्यात घालवला. मंजुश्री संगणकापुढे हात बांधून बसली होती. नोंदायची पुस्तकं तिच्या दोन्ही बाजूंनी रचलेली होती.

“वस्तू दाखवा,” सभा उघडल्यावर शिवकांताबाई म्हणाल्या.

मंजुश्रीने पिवळा फोल्डर दाखवला.

“हे एवढंच?”

“आत लई हाय, बाई.”

बाईंनी आत बघितलं. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. “निकामी आहे असं मी लिहून देऊ कशावरून? मला तर ती कामाची होती तेव्हासुद्धा कळली नव्हती.”

“भंगाराचं काय?” अप्पांनी हळूच विचारलं. “किंमत ठरवावी लागेल.”

“भंगारवाल्याला बोलवा की,” वीरण्णा म्हणाले. “आमच्या मिलवर येतो एक. वजनावर घेतो.”

“हिला वजन नाही, अण्णा,” शिवकांताबाई म्हणाल्या.

“वजन न्हाई तर जागा कशी काय खायलीय?”

अप्पांना प्रश्न रास्त वाटला.

“मंग फुकट द्या एखाद्या खेड्यातल्या शाळंला,” वीरण्णा म्हणाले. “देणगी म्हणून. फोटो काढू, पेपरात देऊ.”

“अण्णा, तिची मुदत संपलीय,” मंजुश्रीला राहवलं नाही. “शाळंला काय करायची? नुसतं काढून टाकायचं हाय. मी आत्ता, तुमच्यासमोर, एका मिनटात—”

“आज नगं!” वीरण्णा दचकून म्हणाले. “आज सोमवार. सोमवारी आमच्या घरात बैलाच्या मानंवर जू ठिवत न्हाईत, आन तू जुनी वस्तू घराभाईर काढायलीस? म्हाताऱ्यानं घालून दिलेली रीत हाय. मिलमधी मी सोमवारी फुटकी चाळणीबी टाकत न्हाई.”

शेवटी ठराव झाला तो असा: जुन्या विंडोज प्रणालीची पाहणी करण्यात आली, तिच्या निर्लेखनास तत्त्वतः मान्यता देण्यात येत आहे, जाणकाराचा अभिप्राय मागवून पुढील सभेत अंतिम निर्णय घ्यावा, तोवर सदर वस्तू सचिवांनी आपल्या ताब्यात सुरक्षित ठेवावी. शेवटचं वाक्य अप्पांनी स्वतः घातलं. सवयीने हात गेला, आणि पूर्णविराम दिल्यावर ध्यानात आलं की सचिव आपणच.

सगळे गेल्यावर मंजुश्रीने पुस्तकांचा एक गठ्ठा उचलून पुन्हा कपाटात लावायला घेतला.

“ते कशाला?” अप्पांनी विचारलं.

“मंग काय करू? हे घेईना, तुम्ही काढू देईनात. पुढची सभा कवा? तपासणी झाल्यावर?” ती चिडलेली नव्हती, तेच अप्पांना जड गेलं. “शिकवणीवाल्यांची जागा अजून रिकामी हाय अप्पा. काल सर इचारत होते. मी म्हटलं, सांगते.”

“मी तुला शब्द दिलाय.”

“हाव. पण तुम्ही रजिस्टरालाबी दिलाय.”

त्या रात्री जेवताना कमलम्माने आमटीत मीठ आहे का असं विचारलं, तेव्हा अप्पा म्हणाले, “तत्त्वतः आहे.” कमलम्मा चाळीस-बेचाळीस वर्षं या माणसाबरोबर संसार करत होती. तिने मुकाट्याने मीठ वाढलं.

पुढचे दिवस अप्पांनी जाणकार शोधण्यात घालवले. संगणक दुरुस्तीच्या दुकानात गेले, तर तिथला माणूस म्हणाला, डिलीट मारा. अभिप्राय लेखी द्याल का, म्हटल्यावर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. तंत्रनिकेतनातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकांनी ऐकून घेतलं, पाठ थोपटली, आणि तब्येत सांभाळा म्हणाले. अप्पांना कळत होतं की आपण हास्यास्पद होत आहोत. पण हास्यास्पद होणं आणि चुकीचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीची त्यांना सवय होती.

तपासणी आठवड्यावर आली, तशी एका सकाळी त्यांच्या मनाने उचल खाल्ली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आंघोळ झाली, लिंगपूजा झाली, आणि कपाळाला विभूती लावता लावता त्यांनी ठरवून टाकलं की आज आपण ती विंडोज काढायची. ठराव नाही, अभिप्राय नाही, सही नाही. ते घाईने चालत गेले. हळू चाललो तर विचार बदलेल अशी भीती होती. वाचनालय उघडायला अजून वेळ होता. त्यांनी कुलूप काढलं, दार आतून ओढून घेतलं, आणि स्वतःच्याच संस्थेत चोरासारखे संगणकापुढे बसले.

मंजुश्रीच्या मागे उभं राहून त्यांनी रस्ता बघून ठेवला होता. सेटिंग, मग सिस्टीम, मग स्टोरेज, मग तात्पुरत्या फायली. तिथे एक यादी यायची, तीत जुन्या विंडोजच्या ओळीपुढे खूण करायची, आणि काढा म्हणायचं. माउस त्यांच्या हातात उंदरासारखाच पळत होता. तरी ते पोचले. यादी आली.

जुन्या विंडोजची ओळ तिच्यात नव्हती.

अप्पांनी यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. मग बाहेर येऊन तो पिवळा फोल्डर शोधला. तोही नव्हता. जिथे पाय पसरून ती पडली होती तिथे आता मोकळी, निळी-पांढरी जागा दिसत होती. सचिवांच्या ताब्यात सुरक्षित ठेवलेली वस्तू सचिवांच्या ताब्यातून गेली होती.

ते तसेच बसले असताना मंजुश्री आली.

“अय्या, अप्पा! इतक्या लवकर?”

“घड्या... पेपरच्या घड्या राहिल्या होत्या.” त्यांनी पडद्याकडे बोट केलं. “ती गेली.”

तिने वाकून बघितलं आणि टाळीच वाजवली. “गेली की खरंच! अप्पा, ते आपोआप जातंय म्हणे. दहा दिवस ठेवतंय, परत जुन्यावर जायचं असलं तर. न्हाई गेलं कुणी, तर स्वतःच काढून टाकतंय. मी इसरूनच गेले होते. सरका, सरका, मला बसू द्या!”

तिने बसल्या बसल्या पहिली नोंद केली. यंत्राने ती निमूट घेतली. दुसरीही घेतली. अप्पा बाजूला उभे होते. आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही. पण आयुष्यात एकदाच विनापरवाना काही करायला निघालो आणि तेही एका यंत्राने आधी उरकून टाकलं, ही गोष्ट त्यांना सलत होती. शिवाय दुसरी काळजी होतीच. यंत्राने कुणाचीही परवानगी घेतली नव्हती.

“गेलं ना?” वीरण्णा फोनवर गरजले. “मंग मिटलं की!”

त्या आठवड्यात मंजुश्रीने मान वर केली नाही. पंख्याखालच्या पोरींपैकी पुनम नावाची एक पुस्तकांची नावं वाचून दाखवी आणि ही चढवत जाई. तपासणीच्या आदल्या दिवशी शेवटचं पुस्तक चढलं.

तपासणीला नांदेडहून लुंबिनी वाघमारे मॅडम आल्या. पहाटेच निघाल्या असाव्यात. चेहऱ्यावर रस्त्यातले खड्डे दिसत होते. त्यांनी कपाटं बघितली, संगणकावर चार-दोन पुस्तकं शोधून बघितली, सापडली तशा खुश झाल्या. “छान काम केलंय मंजुश्रीताईंनी. मी शिफारस करते.” आणि पेन उघडलं.

इथे अप्पांनी गप्प बसायचं होतं. दुसरा कुणीही बसला असता. पण सभांच्या ठरावांचं प्रोसिडिंग बुक दाखवल्याशिवाय तपासणी पूर्ण होते, हे अप्पांच्या मनाला पटेना. त्यांनी ते नेऊन मॅडमसमोर ठेवलं, आणि तेही नेमक्या पानावर उघडून.

मॅडमनी ठराव वाचला. पुन्हा वाचला.

“विंडोजचं निर्लेखन?”

“हो.”

“सर, इतकी वर्षं मी तपासण्या करून राहिले, हे मी पहिल्यांदा बघतेय.” त्यांच्या आवाजात आदर होता की दमणूक, ते अप्पांना ओळखता आलं नाही. “मग ती वस्तू कुठाय? इथं तर लिहिलंय, सचिवांच्या ताब्यात.”

“ती नाही आता.”

“नाही म्हणजे?”

“मॅडम, ती आपोआप जाते,” मंजुश्री घाईने म्हणाली. “दहा दिवसांनी. कंप्यूटरच काढून टाकतो.”

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. “ताई, मला माहीत आहे ते. माझ्या घरच्या लॅपटॉपमधनंही गेली. पण माझ्या घरी ठराव नाही झाला. सर, तुम्ही लिहिलं नसतं तर मी विचारलंसुद्धा नसतं. आता कागदावर आलंय. सुरक्षित ठेवायची ठरलेली वस्तू दिसत नाही. मला दोनच रकाने आहेत. वस्तू हरवली, किंवा कुणी काढली. हरवली लिहिलं तर चौकशी लागते, आणि चौकशी संपेपर्यंत वर्गवाढीचा प्रस्ताव थांबतो. ‘आपोआप गेली’ असा रकाना नाहीय माझ्याकडे.”

“आणि कुणी काढली असेल तर?” अप्पांनी विचारलं.

“तर फक्त त्या माणसाचा खुलासा मागवायचा. विनापरवानगी काढली म्हणून. संस्थेचा प्रस्ताव पुढं जातो.” त्या अप्पांकडे न बघता खिडकीबाहेर बघत होत्या. “पण मी काही सुचवून नाही राहिले. जे खरं असेल ते सांगा.”

पंखा गरगरत होता. पोरांच्या नोट्सची पानं फडफडत होती. मंजुश्रीच्या हातात कपाटाची किल्ली होती, आणि ती उगाच एका बोटावरून दुसऱ्या बोटावर सरकवत होती. अप्पांना वाटलं, खरं सांगायचं तर खरं काय? यंत्राने काढली हे खरं. पण मी काढायला बसलो होतो, तेही खरंच. ती थोडी आधी निघून गेली, एवढाच काय तो फरक.

“मी काढली,” अप्पा म्हणाले.

“तुम्ही?”

“मी. कुणाला न वि... विचारता.”

मॅडमनी टोपण काढलं आणि भराभर लिहिलं. जाताना दारात थांबून त्यांनी अप्पांना नमस्कार केला, जरा जास्तच वाकून.

गाडी गल्लीबाहेर पडली तशी मंजुश्री अप्पांसमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते आणि हसूही येत होतं.

“अप्पा, खोटं बोललाव तुम्ही? तुम्हाला तर ते कुठनं काढतात तेबी माहीत न्हाई.”

“सेटिंग,” अप्पा म्हणाले. “सिस्टीम. स्टोरेज. तात्पुरत्या फायली.”

आणि अप्पा पेपरच्या घड्या घालायला वळले.

पद मंजूर झालं, आणि त्याच टपालाने अप्पांच्या घरी एक लांबट लिफाफा आला. कमलम्माने तो फोडून दारातच मोठ्याने वाचला. ‘आपण कोणाचीही पूर्वपरवानगी न घेता, परस्पर व स्वतःच्या अधिकारात संस्थेची मालमत्ता नष्ट केली असल्याचे निदर्शनास आले आहे.’ एवढं वाचून ती थांबली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. धोतराचा सोगा सावरत तो उंबऱ्यात उभा होता; चप्पल कुठली घालू, हे ठरत नव्हतं म्हणून.

“तुम्ही?” ती म्हणाली. “परवानगी न घेता?” आणि ती असं हसायला लागली की शेजारची शिवम्मा भिंतीवरून डोकावली. “अय्यो, ह्यांना कुणी सांगितलं ओ हे? भाजी कोणची आणू म्हणून तीनदा फोन करणारा माणूस हा!”

अप्पांना राग येत नसे. त्या दिवशी थोडा आला. त्यांनी पुढे होऊन कागद तिच्या हातातून घेतला, नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला.

“मीच केलं,” ते म्हणाले, आणि या खेपेला एकाही शब्दावर अडखळले नाहीत.